गाऱ्हाण्यातला एक जण

गणपतीसमोर गाऱ्हाणं घालताना भाऊकाका घरातल्या सगळ्यांची नावं घेत. मुंबईला नोकरीत असलेल्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, बाळंतपणाला आलेल्यांची. प्रत्येक वाक्याला आम्ही हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. शेवटी आवाज किंचित उतरवून ते म्हणत, "आणि जो खंय आसा, तेका थंयसर बरो ठेव रे म्हाराजा." जो कुठे असेल त्याला तिथे बरा ठेव, हे घरातल्यांना गाऱ्हाण्याचंच वाक्य वाटे. गावात दुसऱ्या कोणाच्या गाऱ्हाण्यात मात्र मी ते ऐकलं नाही.

भाऊकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आंब्याची थोडी कलमं, मूलबाळ नाही, बोलणं कमी. माकडांनी पपया नेल्या तरी म्हणायचे, "रवांदे. तेंका तरी कोण देतला?" काकी आतून म्हणायची, "आमका कोण देतला, ता पण इचार."

त्यांचे थोरले भाऊ दत्ताराम बोटीवर खलाशी होते. बोट बुडाल्याची बातमी आली, तेव्हा घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्यांचं क्रियाकर्म केलं. पुढे त्यांच्या बायकोचं लग्न भाऊकाकांशी लावून दिलं. तीच आमची काकी. हे गावाला माहीत होतं.

पितृपक्षात म्हाळाला भटजी गेलेल्यांची नावं विचारत. भाऊकाका आजोबांपासून सगळी नावं सांगत, दत्तारामांचं तेवढं गाळत. म्हणजे त्यांच्या लेखी दत्ताराम मेलेल्यांत नव्हते. मग कुठे होते, हे मी भाऊकाकांना ते कणकवलीच्या दवाखान्यात पडून असताना विचारलं. काकी खाली चहा आणायला गेली होती.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"इलो होतो तो," ते म्हणाले. "लग्नाक आमच्या वरसां झालेली. तुझी काकी मागीलदारी होती. माका म्हणालो, पाणी दी. मी आत गेलंय. तांब्यो घेवन भायर येतंय, तर खळ्यात कोण नाय. सोदूक गेलंय असतंय तर हिका कळला असता."

ते शोधायला गेले नाहीत आणि काकीला काही कळू दिलं नाही. पुढे कोणीतरी दत्तारामांच्या वर्णनाचा माणूस रेडी बंदरात पाहिल्याचं सांगितलं होतं. तिकडे जाऊन ये, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

मी गेलो. खनिज भरणाऱ्या एका म्हाताऱ्या मुकादमाला तसा माणूस आठवत होता. रखवालदार होता, एकटा राहायचा, एका पावसाळ्याआधी निघून गेला. कुठे, ते ठाऊक नाही.

दवाखान्यात परत येऊन मी तेवढंच सांगितलं. भाऊकाकांनी विचारलं, "मगे तेचा नाव म्हाळात घेवचा, काय गाऱ्हाण्यात?"

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. साखर कमी आहे म्हणून त्यांनी तिच्याशी वाद घातला. त्याच आठवड्यात ते गेले.

पुढच्या गणपतीत गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. सगळी नावं घेतली आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. दत्ताराम जिवंत असतील की नाही, याची खात्री नसताना काय मागायचं ते कळेना. मी नमस्कारासाठी वाकलो.

"एक रवलो," स्वयंपाकघराच्या दारातून काकी म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिने पदर डोक्यावर घेतला होता.

"तेणी पाणी तरी पिवन जावचा होता," ती म्हणाली. "मी मागीलदारातसून बघी होतंय. ह्यांका कधी सांगूक नाय."

मी ते वाक्य म्हटलं. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. काकीचा आवाज सगळ्यांच्या मागून आला.