नानांचं अंगणातलं ताट

सुजाताताईचा फोन आला तेव्हा मी बीडला ऑफिसात होते. "नाना गेले गं... सकाळी चहा घेतला, आन..." पुढचं तिला बोलवेना. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, आणि ताई त्यांची एकुलती लेक. नेकनूर मागं पडलं, केजला उतरले, तिथून गावाकडं जायला युसूफ वडगावची जीप मिळाली. वाटभर मला आठवत होतं ते नानांचं मोठ्यानं हसणं, आणि त्या हसण्याची पुढं त्यांना वाटत राहिलेली लाज. माणूस गेल्यावर असलं लिहू नये म्हणतात. पण नानांनी स्वतः ती लाज कधी लपवली नाही, मग मी कशाला झाकू?

नाना एस.टी.त कंडक्टर होते. अर्धा तालुका त्यांना नावानं ओळखायचा. गावात मात्र त्यांचं नाव होतं ते मटणासाठी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, विहारातून वंदना करून पांढऱ्या कपड्यांत घरी आलं की नाना सदरा खुंटीला लावून चुलीपुढं बसायचे. मसाला स्वतः भाजायचे, काकूंना हात लावू द्यायचे नाहीत. पहिली वाटी ताईची. ती "लई भारी, नाना" म्हणाली की मगच ते बाकीच्यांना वाढायचे.

अशाच एका दसऱ्याला ताईनं वाटीवर हात आडवा धरला. ती केजला शाळेत शिकवते. मुलांकडून पंचशील म्हणवून घेताना तिला वाटायला लागलं, आपण रोज प्राणिहत्या करणार नाही म्हणतो आणि घरी येऊन मटण खातो. तिनं सोडलं. नानांच्या हातातला डाव तसाच राहिला. "कावून? आपल्यात कुणी सोडलंय का? बामनावानी बोलायलीस तू."

ती काही बोलणार तोच नाना भडकले. "माझ्या बापाला पाटलानं गोठ्यात बसवून जेवू घातलं. कावून, तर हे लोक कायबी खातेत. ज्या खाण्यापायी बापानं गोठ्यात घास गिळला, ते खाणं आता माझ्याच लेकीला वंगाळ वाटतंय!"

"वंगाळ म्हणत न्हाई, नाना. मी खात न्हाई, एवढंच."

दोघांचंही खरं होतं. मला अजूनही त्यात एकाची बाजू घेता येत नाही. पण नानांच्या मनात ते सलत राहिलं.

पुढच्या दसऱ्याला काकूंनी ताईसाठी वांग्याची भाजी वेगळी केली. ताई आवडीनं जेवली. "आज भाजी झकास झालीय," असं ती म्हणायची खोटी, नाना मांडीवर थाप मारून हसले. "होणारच! डावभर रस्सा घातलाय माझा. काय झालं का तुला?" पंगत हसली. मीही हसले. ताईनं हातातला घास ताटात ठेवला, बाहेर जाऊन चूळ भरली, आणि दुपारच्या गाडीनं केजला निघून गेली. भांडली नाही, रडली नाही.

त्यानंतरच्या दसऱ्याला ती आली ती स्वतःचा डबा घेऊन. सगळ्यांबरोबर बसली आणि झाकण उघडलं. बापाच्या घरी लेक स्वतःचा डबा घेऊन जेवायला बसली होती... नानांनी एकदा डब्याकडं पाहिलं, ताट उचललं आणि अंगणात पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "आमच्या घरचं न खाणारे लई बघितले, पोरी. त्यांचा राग यायचा. हिचा राग येत न्हाई. माझीच मला लाज वाटायलीय. माझ्या बापाला लोकांनी भायेर बसवलं हुतं. मी माझ्या करणीनं बसलोय."

तेवढ्यात ताई डबा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसली. "मटणाचं वाईट न्हाई वाटलं, नाना. तुमच्या हातचं मी डोळे झाकून खायचे, ते गेलं."

"चुकलो गं, बाई." नानांनी मान वर केली नाही.

"हां," ती म्हणाली. जाऊ द्या, असं म्हणाली नाही.

पुढं दर दसऱ्याला दोघं अंगणातच जेवायची. ते त्यांच्या ताटात, ही तिच्या डब्यात. बोलायची खूप, शाळेतलं, एस.टी.तलं, नाना मात्र ताटातनं वर बघत नसत. नानांनी तिला कधी घासभरही आग्रह केला नाही. आग्रह करायचा हक्क आपण गमावलाय, असं त्यांनी धरून घेतलं होतं. शेवटच्या दसऱ्याला चुलीपुढं बसायची ताकद नव्हती, तरी ताट घेऊन अंगणात गेलेच.

नानांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ताई डबा न घेता आली. काकूंनी वरणभात, भाकरी आणि भाजी केली होती. घरात मटण नव्हतंच. ताईनं ताट घेतलं आणि अंगणात नानांच्या जागी जाऊन बसली. मी शेजारी बसले. तिनं भाकरी मोडली, भाजीला लावली, आणि तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. नजर भाजीवर गेली. अगदी क्षणभर. मग तिनं घास खाल्ला.

तिच्या लक्षातही आलं नसावं. माझी मात्र मान खाली गेली; त्या पंगतीत मीही हसले होते. नाना तिच्यासमोर बसायचे, तेव्हा वर का बघत नसत, ते मला त्या दिवशी कळलं.