बारशातलं कुर्र

माझ्या लेकाचं बारसं सासरी, सटाण्याला झालं. नणंद पाळण्यात वाकली, त्याच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. लेक लाकडासारखा ताठ झाला. मुठी आवळलेल्या, श्वास अडकलेला. "किती गुणाचं गं, रडलंसुद्धा नाही!" बायका म्हणाल्या. मी ओरडले, तर सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, उगाच घाबरते."

पुढे भांडं पडलं तरी तो ताठ व्हायचा, आणि चालायला लागल्यावर उभाच्या उभा कोसळायचा. कपाळाला टाके पडले. अखेर नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि चित्र काढून समजावलं. मेंदूतली एक पेशी दुसरीला 'थांब' म्हणते, त्या जोडावर तो निरोप ऐकणारी प्रथिनं जागेवर धरून ठेवावी लागतात. त्यांना धरणारं एक प्रथिन असतं, आणि त्याला पेशीच्या आवरणापाशी आणून बसवणारं आणखी एक. याचं हे बसवणारंच बिघडलेलं. आवरणातल्या स्निग्ध पदार्थावर त्याची पकड बसत नाही. 'थांब' म्हटलं जातं, पण ऐकायला जागेवर पुरेसं कुणी नसतं, म्हणून दचकला की अंग आवळलेलंच राहतं. ताठ झाला की डोकं आणि गुडघे पोटाकडे दुमडायचे, हेही त्यांनीच शिकवलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुझ्याकडूनच आलं ना?" माझंही रक्त तपासलं होतं, त्यात दोष नव्हता; तो याच्यातच नव्यानं झालेला. तसं सांगितलं. "मग आमच्यात तर नाहीच नाही," म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या. जळलं मेलं ते समजावणं!

गेल्या वर्षी जावेच्या बाळाचं बारसं होतं. मी अक्षरशः हात जोडले, तेवढं कुर्र आणि गुद्दे हळू घ्या. "एका पोरापायी रीत मोडायची का?" सासूबाई म्हणाल्या. मी लेकाला घेऊन आतल्या खोलीत बसले. बाहेर कुर्र झालं, गुद्दे पडले, हशा उठला, आणि तो माझ्या मांडीवर ताठ झाला. मी डोकं, गुडघे दुमडले. सैल पडतोय तोच कुणीतरी "याची सावली नको पडायला बाळावर" म्हणत दार धाडकन लावलं. पुन्हा ताठ. सहा वर्षांचं पोर दुमडून धरताना माझे हात भरून आले, आणि त्या घराचा असा संताप आला म्हणून सांगू!

श्वास सुरळीत झाल्यावर त्यानं विचारलं, "आई, बाळ ताठ झालं का गं?"

"नाही रे राजा. ते रडतंय, ऐक."