सोमवारची नखं

काल रविवारी सून गॅलरीत नखं कापत बसली होती आणि नेलकटरच्या त्या कट्कट् आवाजानं मी थेट मुळशीच्या डोंगरातल्या माझ्या पहिल्या शाळेत जाऊन पोचले. तिथे दर सोमवारी प्रार्थना झाली की मुलं व्हरांड्यात गोल करून बसत. सेवेवर मी कधी भाषण केलं नाही. माझा नियम एवढाच, की आपली नखं आपण कापायची नाहीत, शेजाऱ्याची कापायची. एका सोमवारी डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी नव्यानं आली. तिची नखं कापायला गावातल्या मुली हौसेनं पुढे झाल्या. पण नेलकटर त्या नव्या मुलीच्या हातात गेलं, तशी शेजारच्या मुलीनं हात फ्रॉकखाली लपवले आणि म्हणाली, "मी घरी कापीन, बाई." नवी पोर मान खाली घालून बसली. मी कोणाला रागावले नाही. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि हात पुढे केला. "बाई, तुमची तर वाढलीच न्हाईत," ती पुटपुटली. "मग जपून काप." कापताना चिमटा बसला, बोटावर रक्ताचा ठिपका आला, ती घाबरून थांबली. "दुसरा हात राहिलाय," मी म्हटलं. तो होईस्तोवर शेजारणीचे हात फ्रॉकखालून बाहेर आले होते. दुसऱ्यासाठी करायला मुलं पटकन शिकतात; दुसऱ्याकडून करून घ्यायला मात्र शिकवावं लागतं. म्हणून आताच्या माझ्या शाळेतही दर सोमवारी मी पोरांपुढे हात करते. "आई, केवढी वाढलीत तुमची, द्या कापून देते," गॅलरीतून सून म्हणाली. "नको गं," मी म्हटलं, "उद्या सोमवार, शाळा आहे."