ग्रीकपुऱ्याचं 'नै'

लोधीपुऱ्यात आमच्या समोर मनोहरकाका राहायचे. भाजीवाली विचारायची, "काका, मेथी देऊ का?" काका म्हणायचे, "नै," आणि पिशवी पुढे करायचे. ती बिचारी जुडी परत टोपलीत ठेवायची. मग काकाच वैतागायचे, "अरे, नै म्हटलं ना मी! दे ना!" बाकी माणूस शहाणासुरता. पॉवरलूम दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा बुऱ्हाणपुरात कुणी नव्हता.

मला मेलीला नसत्या चौकशा करायची खोड. एके दिवशी काकूंच्या फोडणीचा भडका उडाला आणि काका खुर्चीतून ओरडले, "ओपाऽ!" म्हटलं, आज सोडायचं नाही यांना.

"बेटा," काका म्हणाले, "आपला हा लोधीपुरा, तिकडे सिंधीपुरा, तसा शिकागोत एक ग्रीकपुरा आहे. रस्ताभर ग्रीक लोकांच्या खानावळी अन् गाणंबजावणं. चीजच्या वडीवर दारू टाकून आग लावायची, अन् सगळ्यांनी ओपा म्हणायचं. ती आग मी लावत होतो. मटणाला हात न लावणाऱ्या माणसाला दुसरं काय काम देतील?"

कापडाचं शिक्षण घ्यायला गेलेले काका संध्याकाळी तिथे वाढप्याचं काम करायचे. त्या लोकांत मिसळता मिसळता त्यांच्या नाकी नऊ आले. ग्रीक माणूस 'नाही'ला 'ओही' म्हणतो. गिऱ्हाईक "ओही" म्हणालं की काकांना वाटायचं, 'वोही', म्हणजे तेच पाहिजे. ते तीच बशी पुन्हा आणून ठेवायचे! आणि 'हो'चा त्यांचा शब्द ऐकायला अगदी आपल्या 'नै'सारखा.

"आपलं नै ते त्यांचं हो. आता बोल!" काका हसले. "एकच नकार दोन्हीकडे सारखा." त्यांनी हनुवटी वर उचलली आणि जिभेनं "च्" केलं.

"मालकाचं सांगा ना तिला," काकू चुलीपाशीच होत्या.

मालक म्हातारा, मूलबाळ नाही. त्यानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "इथेच राहशील? खानावळ तुझी." काका असे घाबरले की तोंडून मायबोलीच निघाली, "नै, नै!" म्हाताऱ्यानं मिठी मारली. अख्खी खानावळ ओपा ओपा करत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचली. आता त्या माणसाला खरं कोण सांगणार? भिडेपोटी काका आणखी तीन वर्षं राहिले. इकडे साखरपुडा झालेल्या काकू तीन वर्षं वाट बघत बसल्या.

"भीडच होती का, देव जाणे," काकूंनी उलथनं आपटलं. "अहो, परत आल्याचा पस्तावा होतो का?"

"नै," काका म्हणाले.

"ऐकलंस? हे नै इथलं की तिथलं, तेच मी लग्नापासून शोधून राहिले!"

काका नुसते मिशीत हसले. मला त्यांचा रागच आला. थट्टेलाही काही सीमा असते.

पुढे काका अंथरुणाला खिळले. बोलणं जवळजवळ थांबलं. मी मुगाचं कढण घेऊन गेले, तर काकू त्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या. मला बघूनही त्या थांबल्या नाहीत, नवऱ्याकडे वाकून म्हणाल्या, "अहो, आता तरी खरं सांगा. आल्याचा पस्तावा आहे का?"

मी दारातच उभी राहिले. आता पुन्हा 'नै' म्हणाले असते, तर मी आजारी माणसाशी भांडले असते, शप्पथ! काकांनी काकूंकडे पाहिलं. मग मोठ्या कष्टानं त्यांनी हनुवटी वर उचलली.

"च्."

काकूंनी चमचा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. "मग आधी का नाही सांगितलं हो," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

आठ दिवसांनी काका गेले. तेरावं झाल्यावर भाजीवाली पहिल्यांदा काकूंच्या दाराशी आली. हळूच म्हणाली, "काकू, मेथी देऊ का?"

"नै," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवी पुढे केली.