दोघांनी सांगितली ती बातमी

वसईत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त पत्रकार राहायचे. बातम्यांपायी निम्मं जग फिरून आलेले. पण प्रत्येक देशातून आणायचे काय, तर तिथली वर्तमानपत्रं, लाडक्या भाचीच्या वह्यांना कव्हरं घालायला! तिच्या गणिताच्या वहीवर कैरोतल्या साबणाची जाहिरात होती.

एकानं सांगितली ती अफवा, दोघांनी सांगितली ती बातमी, हा त्यांचा नियम. मी म्हणायचो, "आज टँकर येणार नाही." ते लगेच विचारायचे, "आणखी कोण म्हणतं?" भाचीला मुलगी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगूनही हा माणूस गप्पच. नर्सला गाठून तिच्याकडून खात्री केली आणि मगच पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात नाचले.

परवा सकाळी भाचीचा फोन आला. "मामा गेला."

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी कोण म्हणतं?" आणि मी जीभ चावली.

ती रडता रडता हसली. "डॉक्टर म्हणाले. मग मी नर्सलाही विचारलं. नाहीतर मामानं छापूच दिलं नसतं."