वाकडा टाका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खेड्यातल्या बायकांच्या गोधड्या शहरात विकणाऱ्या संस्थेत असताना त्यांतल्या सखूबाईंच्या वाकड्या टाक्याच्या गोधड्या मीच परत पाठवल्या. "दुकानदाराला सरळ टाका हवा," म्हणालो. दुकानदाराला त्या दाखवल्याही नव्हत्या.

"सायेब, मी काय मशीन हाय व्हय?" सखूबाई हसल्या आणि पुन्हा मजुरीला गेल्या. सरळ शिवणाऱ्यांची मात्र स्लॅबची घरं झाली, हेही खरंच.

आज एका दुकानाच्या काचेआड तशाच वाकड्या टाक्याची गोधडी दिसली, हाताचं काम म्हणून कौतुकानं टांगलेली. बाजाराला नेमकं काय हवं असतं, मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळत नाही. सखूबाईंच्या हातात खोट नव्हती, एवढं त्यांना जाऊन सांगायचं राहिलंय.