टाकीतली मंडळी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. चौतीस वर्षं हाच धंदा. कंप्रेसरला नुसता कान लावून आत काय बिघडलंय ते सांगतील. समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मात्र त्यांना कधी कळलं नाही, आणि स्वतःच्या पोटातलं ओठावर आणायचं म्हणजे त्यांना घाम फुटतो. तोंडात कायम मिठाची गुळणी. ताईला बघायला आमच्या घरी आले तेव्हा पाऊण तासात एकच वाक्य बोलले: "तुमचा पंखा हेलकावे खातोय." मग स्टुलावर चढले आणि नीट करून दिला. ते गेल्यावर ताई म्हणाली, हाच चालेल.

त्यांना एकुलता एक मुलगा. खाण तशी माती. ताई होती तोवर त्या घरात बोलणं व्हायचं ते तिच्यामार्फत. "त्याला विचार, जेवणार का." "त्यांना सांग, जेवतोय." दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेले! मी वैतागायचो. ताई हसायची आणि इकडचं तिकडे पोचवायची. मग चार महिन्यांच्या दुखण्यात ताई गेली, आणि तिच्याबरोबर त्या घरातला आवाज गेला. पुढचं वर्षभर बापलेकांनी एकमेकांना किती वाक्यं ऐकवली असतील ते मी बोटांवर सांगू शकेन.

वर्षानं मुलाला परदेशात नोकरी लागली. जाताना वडिलांपाशी दोन शब्द बोलेल असं मला वाटलं होतं. त्यानं स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं, दोन पानं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "सगळं यात लिहिलंय."

टाकी हातभर लांब. तळाला काळी रेती, थोडी शेवाळं, वाळकी पानं, आणि त्यात सहा जीव. अंगठ्याएवढे, नारिंगी, पुढे दोन नांग्या. मी विचारलं, "हे काय, कोळंबीला खेकड्यापासून झालेलं पोर?"

"क्रेफिश," दाजी म्हणाले. "बुटके." आणि पानांची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, एका शाळेत कारकून आहे, आणि दर रविवारी दुपारी दाजींकडे जेवतो. त्यामुळे मुलाचा रविवारचा फोन माझ्यासमोरच यायचा. "जेवलात?" "हो. तू?" "हो." "बरं." चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजलेत. फोन ठेवून दाजी माझ्याकडे असे बघायचे की जणू मोठी मसलत करून उठलेत.

दोन महिन्यांनी एका रविवारी गेलो तर दाजी ताटं न मांडता टाकीसमोर बसलेले. चेहरा मात्र उजळलेला. आदल्या दिवशी टाकीच्या कोपऱ्यात त्यांना एक क्रेफिश निपचित पडलेला दिसला होता. एक गेला, आता पोराला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून त्यांनी तासभर घरात येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी स्वतःहून फोन लावला. जन्मात पहिल्यांदा! मुलानं फोनवरूनच टाकी बघितली आणि विचारलं, "बाबा, पाठीवर फट दिसतेय का? ते कवच आहे. आत कोणी नाही."

"म्हणजे?"

"वाढले की जुनं कवच टाकतात. अंग मऊ असतं, म्हणून तो कुठेतरी लपला असेल. शोधा."

दाजींनी टॉर्च घेऊन शोधलं, तर साहेब एका पानाखाली नांग्या आवळून बसलेले. मग दोघंही हसले म्हणे. "ते कवच काढू नका हं, तो ते खातो," मुलगा म्हणाला, आणि "स्वतःचंच?" असं दाजींनी विचारलं, आणि पुढे काय काय. चौदा मिनिटं फोन चालला होता. ही चौदा मिनिटं दाजींनी मला जेवताना, हात धुताना आणि जिना उतरून मला सोडायला आले तेव्हा, अशी तीनदा सांगितली.

तिथून सगळं पालटलं. रविवारचा फोन दहा मिनिटांवर गेला, मग वीसवर. मंडळींनी उकडलेल्या मटारासाठी कशी मारामारी केली, कोणाची नांगी तुटली, ती पुन्हा कशी फुटतेय. 'मंडळी' हा दाजींचा शब्द. मंडळींना लपायला जागा कमी पडते असं मुलगा म्हणाला, तर दाजींनी प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टाकीत मांडले. फोनवर ते बघून मुलगा म्हणाला, "सुबक झालेत हो, बाबा."

सुबक! तो शब्द दाजींनी आठवडाभर मिरवला. गिऱ्हाईकाच्या फ्रिजला मी नुसतं "छान बसवलात" म्हटलं, तर म्हणाले, "सुबक म्हण."

साधारण वर्षानं मोठी बातमी आली. डावीकडच्या पाइपात राहणाऱ्या मादीच्या शेपटीखाली अंडी दिसली, मोहरीएवढी, काळसर. ती दिवसभर पाइपाच्या तोंडाशी बसून शेपटीखालचे बारीक पाय हलवत अंड्यांना वारा घालायची. दाजींनी फोन टाकीला चिकटवून दाखवलं. पलीकडे मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाबा, पिल्लं निघून नखाएवढी झाली ना, की मी येतो. सुट्टी टाकतो."

गेल्यापासून तो एकदाही आला नव्हता, आणि 'ये' म्हणायची रीत आमच्या दाजींना ठाऊक नव्हती. ते फक्त "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर बेसिनशी जाऊन त्यांनी स्वच्छ असलेले हात पुन्हा धुतले. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

आणि नेमका उन्हाळा तापला. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, वारा म्हणून नाही. टाकीतलं पाणी एकतीसवर गेलं. इतकं गरम राहिलं तर अंडी टिकणार नाहीत, असं मुलानं बजावलं होतं. दाजी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायला लागले. हातातलं काम टाकून दुपारी घरी यायचे, बाटली बदलायचे, परत जायचे. पाणी दोन अंश उतरायचं आणि तासाभरात चढायचं. दोन अंडी गळाली. दाजींचं तोंड पार उतरून गेलं.

मग एक दिवस म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या खोल्या थंड केल्या. एवढीशी पेटी थंड करता येऊ नये मला?"

मलाही पटलं. मीच म्हटलं, "टाकीची नुसती किटली झालीय. करा की!"

भंगारात निघालेल्या वॉटर कूलरचा कंप्रेसर त्यांनी घेतला. पाण्यात सोडायला कॉइल हवी, म्हणून तांब्याची नळी घेऊन हातानं वळवली. पाच वेढे, प्रत्येक वेढ्यातलं अंतर सारखं, कुठे चेपणं नाही. जोड असे मारले की जोड कुठे ते दिसेना. मग नळी माझ्या हातात दिली आणि बारीक पॉलिश पेपर दिला. एक अख्खी दुपार मी ती घासली. आरशासारखी झाली. उजेडात धरून दाजी म्हणाले, "इतकं चांगलं काम मी आजवर केलं नाही." मी म्हटलं, पोराला फोन करा. म्हणाले, "नको. रविवारी दाखवू. आयतंच बघू दे." पुन्हा एकदा 'सुबक' ऐकायचं होतं त्यांना. लहान मुलासारखे आनंदले होते.

गुरुवारी कॉइल टाकीत बसली. संध्याकाळपर्यंत पाणी चोवीस. शुक्रवारी मंडळी जरा सुस्त दिसली, तर दाजी म्हणाले, गारवा मानवलाय, निजलीत. शनिवारी त्यांनी मला थेट शाळेत फोन केला. "तिघांनी एकाच दिवशी कवचं टाकली! अरे, वाढीला लागलीत."

रविवारी मी गेलो तेव्हा टाकीत चार नारिंगी आकृत्या आडव्या होत्या. पाचव्याचा पत्ता नव्हता. अंडीवाली आपल्या पाइपात होती. दाजींनी नवा शर्ट घातला होता. फोन मी धरला, म्हणजे त्यांना दोन्ही हातांनी दाखवता यावं.

"हे बघ, चोवीस. न हलता," दाजी म्हणाले. "आणि हे बघ, चौघांनी कवचं टाकलीत."

मुलगा पडद्याशी वाकला. मग म्हणाला, "मामा, फोन जवळ न्या." मी नेला.

"बाबा, ती कवचं नाहीत."

दाजी हसतच होते. चेहरा बदलायला त्यांना वेळ लागला.

"ती नळी कसली आहे?"

"तांब्याची. अस्सल."

"तांबं विष असतं त्यांना, बाबा. मी लिहिलं होतं, कसलंही औषध घालू नका."

"औषध नाही घातलं."

"माशांच्या औषधात तांबं असतं, म्हणून लिहिलं होतं."

"तांबं असं नाही लिहिलंस," दाजी हळूच म्हणाले. त्यांना दोन्ही पानं पाठ होती.

"टाकीत कोणी तांबं सोडेल असं वाटलंच नाही मला. एकदा विचारायचंत! एवढं बोलतो आपण, तेवढं विचारता आलं नाही?"

तुझ्या तोंडून एक शब्द ऐकायला केलं, हे त्यांना सात जन्मांत सांगता आलं नसतं. मला येत होतं सांगता. फोन माझ्याच हातात होता. पण ऐनवेळी मीही गुळणी धरून उभा राहिलो, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. मुलगा म्हणाला, "नळी काढा. निम्मं पाणी आज बदला, निम्मं उद्या." आणि फोन बंद झाला.

दाजींनी बाह्यासुद्धा वर न करता हात घातला आणि नळी उपटली. पाचवा क्रेफिश तिच्या आतल्या वेढ्याखाली सापडला. गारव्याला जाऊन बसला होता.

अंडीवाली त्यातून वाचली. नऊ दिवस. दाजी कामावर गेले नाहीत, पाणी बदलत राहिले, बर्फाच्या बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. अंडी आधी पांढरी पडली, मग एकेक गळाली. शेवटी एकही उरलं नाही तरी ती पाइपाच्या तोंडाशी बसून शेपटीखालचे पाय हलवतच होती. मला ते बघवेना. दहाव्या दिवशी ती पाइपाबाहेर पडलेली दिसली. दाजींनी टॉर्च घेतला आणि बराच वेळ तिच्या पाठीवर फट शोधली.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. तांबं म्हणून कुठेच कसं लिहिलं नाही या शहाण्यानं, म्हणून मी ती पानं दाजींच्या खिशातून काढून वाचली. घड्यांवर विरली होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'हे दीड-दोन वर्षंच जगतात. शेवटचा गेला की टाकी बंद केली तरी चालेल.'

"हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," दाजी म्हणाले. "म्हणून तर पिल्लं हवी होती."

रविवारी फोन आला.

"ती गेली," दाजी म्हणाले.

"हं. मग टाकी बंद करा आता, बाबा."

"करतो."

"सुट्टीचं बघतो. या वर्षी अवघडच दिसतंय."

"बरं."

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

"बरं."

एवढं झाल्यावर दाजींनी फोन टेबलावर उपडा ठेवला. टाकीचा फिल्टर गुरगुरत होता, रिकाम्या पाण्यात बुडबुडे सोडत होता. मी उठून बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, "राहू दे." स्टूल ओढून ते टाकीसमोर बसले. बाहेरचा उन्हाळा आपला आपण ओसरला होता. त्यांनी वाकून थर्मामीटर वाचला.

"सव्वीस," ते म्हणाले. बर्फाची बाटली टाकलेली नव्हती, आणि सांगायला समोर मी सोडून कोणी नव्हतं.